सात गोलांचा हिशेब : मीररंजन नेगी, गोलरक्षक ते प्रशिक्षक

१ डिसेंबर १९८२ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर नवव्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष हॉकीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले. भारताच्या गोलात मीररंजन नेगी उभे होते. एवढ्या तीन वाक्यांवर एका खेळाडूची कारकीर्द संपली आणि पुढची अनेक वर्षे त्याचे नाव त्या आकड्याला चिकटून राहिले. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आला आणि लोकांनी तेच नाव एका वेगळ्या गोष्टीला जोडले. आज अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये कुणालाही विचारले तर नेगी म्हणजे ‘चक देवाले’ असे उत्तर मिळते. पहिल्या ओळखीत अन्याय होता. दुसरीत गौरव आहे, पण तोही नेगींनी प्रत्यक्ष जे काम केले त्याचा नाही. ते काम होते गोलरक्षक घडवण्याचे. त्या कामाची आणि ते ज्या मुंबईतल्या हॉकीच्या आधाराने उभे राहिले तिची हकिगत या लेखात मांडायची आहे.

एका वर्षातले दोन संघ

सात गोलांचा हिशेब करायचा तर आधी ते करणारा संघ कोणता होता हे पाहिले पाहिजे. १९८२ सालचा विश्वचषक आपल्या मुंबईत झाला होता. चर्चगेटजवळच्या हॉकी मैदानावर, नैसर्गिक हिरवळीवर खेळला गेलेला हा शेवटचा विश्वचषक. १२ जानेवारी १९८२ रोजी पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवून तो जिंकला. भारत घरच्या मैदानावर पाचवा आला. त्याच पाकिस्तानी आघाडीत समीउल्ला, कलीमुल्ला, हनीफ खान आणि हसन सरदार ही नावे होती. हाच देश दोन वर्षांनी, १९८४ साली, लॉस एंजेलिसला ऑलिंपिकचे सुवर्णपदकही घेऊन गेला. म्हणजे दिल्लीत भारतासमोर जो संघ होता तो जगज्जेता होता आणि लवकरच ऑलिंपिकविजेताही होणार होता.

आशियाई स्पर्धांचा इतिहासही पाहावा. हॉकीचा या स्पर्धेत १९५८ साली टोकियोला प्रथम समावेश झाला. तेव्हापासून १९७८ पर्यंतच्या सहा स्पर्धांत पाकिस्तानने पाच वेळा सुवर्ण जिंकले होते आणि भारताने एकदाच, १९६६ साली बँकॉकला. तेव्हा दिल्लीतला पराभव अनपेक्षित म्हणता येत नाही. अनपेक्षित होता तो फरक.

पण लोकांच्या मनात हा इतिहास नव्हता. त्यांच्या मनात १९८० चे मॉस्कोचे सुवर्णपदक होते. त्या ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार टाकला होता आणि पाकिस्तानही आला नव्हता, ही गोष्ट आनंदाच्या भरात मागे पडली होती. त्यातच एशियाडसाठी दिल्ली नव्याने उभी केली होती, रंगीत दूरदर्शन नुकतेच सुरू झाले होते. देशातल्या असंख्य घरांनी रंगात पाहिलेली पहिली मोठी हार कदाचित हीच असावी.

याच एशियाडमध्ये महिलांची हॉकी प्रथमच खेळली गेली आणि भारतीय मुलींनी तिचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघाच्या कर्णधार होत्या पुण्याच्या एलिझा नेल्सन. पुढच्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच स्पर्धेत, एकाच शहरात, एकाच खेळात देशाने सुवर्णही मिळवले आणि सात गोलही खाल्ले. आज आपल्याला त्यातले काय आठवते, हे वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावे.

दोष एकाचाच का ठरतो?

हॉकीत गोल होतो तो बहुतेक वेळा आधीच्या तीन-चार चुकांची बेरीज म्हणून. मधल्या फळीकडून चेंडू निसटतो, बचावपटू पुढे सरकलेला असतो, त्याच्या मागे मोकळी जागा पडते आणि आघाडीपटू ‘डी’मध्ये एकटा शिरतो. त्या क्षणी गोलरक्षकापुढे ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच चौकट सांभाळायची असते आणि चेंडू काही पावलांवरून येतो. प्रेक्षकाच्या नजरेत मात्र आधीच्या चुका राहत नाहीत, शेवटचा माणूस तेवढा राहतो. मागे पडलेल्या संघाने बरोबरीसाठी बचाव मोडून पुढे धाव घेतली की उरलेले गोल त्या मोकळ्या जागेतूनच येतात. सात गोल हा सगळ्या संघाच्या कोसळण्याचा आकडा असतो.

नेगींच्या बाबतीत लोक केवळ अपयश म्हणून थांबले नाहीत. पैसे घेऊन गोल सोडले, अशी कुजबूज झाली, ती छापूनही आली. पुरावा कधीच पुढे आला नाही. तरी ‘गद्दार’ हा शब्द नेगींना ऐकावा लागला. त्यांनी स्वतः पुढे अनेक मुलाखतींतून हे सांगितले आहे. १९८४ च्या ऑलिंपिकला भारताचे गोलरक्षक म्हणून रोमिओ जेम्स गेले. नेगींना त्या संघात जागा नव्हती.

गोलरक्षकाच्या माथी देशाचा पराभव मारण्याची रीत केवळ आपलीच नाही. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवून फुटबॉलचा विश्वचषक नेला. ब्राझीलचे गोलरक्षक मोआसिर बार्बोसा २००० साली वारले. मधली पन्नास वर्षे त्यांना तो एक गोल ऐकवला गेला. १९९३ साली ते राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात भेटीला गेले, तर त्यांचा पायगुण वाईट म्हणून त्यांना दूर ठेवले गेले. बार्बोसांना देशाने परत बोलावले नाही. नेगींना बोलावले. दोघांच्या आयुष्यातला फरक इथे आहे आणि तो समजून घ्यायला मुंबईकडे वळावे लागते.

हजेरीपटावरचे खेळाडू

नेगी मूळचे उत्तराखंडचे, पण मुंबईत ते आले कस्टम्सच्या नोकरीमुळे. त्या काळातली मुंबईची हॉकी कचेऱ्यांच्या जोरावर उभी होती. कस्टम्स, पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, इंडियन एअरलाइन्स, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, टाटा, महिंद्र, चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आपली आरसीएफ, अशा संस्था खेळाडूंना नोकरी देत. सकाळी सराव, नंतर कचेरी, संध्याकाळी स्थानिक लीगचा सामना, आणि वर्षात आगाखान चषक, बॉम्बे गोल्ड कप यांसारख्या स्पर्धा. खेळाडू राहत उपनगरांत, सामने होत चर्चगेटला.

या व्यवस्थेने काय दिले, याचे सर्वांत ठळक उदाहरण धनराज पिल्ले. खडकीचा हा मुलगा मुंबईत आला तो थोरला भाऊ रमेश यांच्याकडे. रमेश आरसीएफकडून मुंबईच्या लीगमध्ये खेळत होते. पुढे धनराज महिंद्रमध्ये गेले. तिथे त्यांना प्रशिक्षक लाभले जोकिम कार्व्हालो, १९८४ च्या ऑलिंपिक संघातले मुंबईकर. अशा रीतीने एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे खेळ पोहोचत होता. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक तयार करत होती हे खरे, पण मुंबईत खेळाडूचा प्रशिक्षक व्हायचा तो मुख्यतः या साखळीतून.

तिचा दुसरा एक उपयोग सहसा कुणी सांगत नाही. देशाच्या संघाने टाकलेल्या खेळाडूला ती नोकरीसकट सांभाळत असे. संघातून नाव गेले तरी कचेरीत नाव राहते, महिन्याचा पगार येतो, आणि खेळाशी नाते टिकवायचे तर तेही टिकवता येते. निवड समितीला ज्याचे नाव नको असते तो माणूस कस्टम्सच्या हजेरीपटावर दररोज सही करत असतो. म्हणूनच बोलावणे आले तेव्हा नेगी खेळापासून फार दूर गेलेले नव्हते.

बँकॉक, १९९८

ते बोलावणे आले सोळा वर्षांनी. १९९८ च्या बँकॉक एशियाडसाठी भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक होते, मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघातले खेळाडू. कर्णधार धनराज पिल्ले. आणि गोलरक्षकांच्या तयारीसाठी नेगी.

गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक ही कल्पना तेव्हा आपल्याकडे रुळलेली नव्हती. सरावात गोलरक्षक म्हणजे इतरांना नेम धरण्यासाठी उभा केलेला माणूस. वीस जण चेंडू मारणार, हा अडवणार. त्यातून मारणाऱ्यांचा सराव होतो, अडवणाऱ्याचा होतोच असे नाही. गोलरक्षकाला शिकायचे असते ते वेगळेच. आघाडीपटू जवळ आल्यावर पुढे किती यायचे म्हणजे चौकट त्याला लहान दिसेल, पॅडवर आदळलेला चेंडू कुठल्या बाजूला टाकायचा म्हणजे तो पुन्हा स्टिकवर जाणार नाही, पेनल्टी कॉर्नरला धावून जाणाऱ्या सहकाऱ्यांना कोणती जागा वाटून द्यायची, बचावफळीला मागून ओरडून कसे हलवायचे. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट. गोल झाल्यानंतरच्या पुढच्या मिनिटाला काय करायचे. पहिला गोल खाल्लेल्या गोलरक्षकाच्या मनातून तो काढून टाकणे हे प्रशिक्षकाचे कदाचित सर्वांत अवघड काम. सात गोलांचा अनुभव असलेल्या माणसाकडे ते काम सोपवण्यात एक प्रकारचे शहाणपण होते.

अंतिम सामना दक्षिण कोरियाशी झाला. बरोबरीनंतर निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. स्ट्रोक म्हणजे ६.४० मीटरवरून, कुणाचाही अडथळा नसताना मारलेला चेंडू. एरवी संघामागे लपता येते, इथे गोलरक्षक खरोखरच एकटा असतो. आशिष बल्लाळ यांनी कोरियाचे दोन स्ट्रोक अडवले आणि १९६६ नंतर, बत्तीस वर्षांनी, भारताला एशियाडचे सुवर्ण मिळाले. धावफलकावर बल्लाळ यांचे नाव राहिले, ते योग्यच. त्यांना तयार करणाऱ्याचे नाव धावफलकावर लिहिण्याची पद्धत नाही.

त्यानंतर जे झाले त्याने आपल्या हॉकीच्या कारभाराची ओळख पटते. विजयानंतर थोड्याच काळात कर्णधार धनराज आणि बल्लाळ यांच्यासह काही खेळाडूंना संघाबाहेर काढण्यात आले, कौशिक यांनाही पद सोडावे लागले. म्हणजे १९८२ साली हरल्याबद्दल एकाला शिक्षा झाली आणि १९९८ साली जिंकूनही अनेकांना झाली.

मँचेस्टरच्या मुली

२००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक गुरदयालसिंग भंगू होते आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक नेगी. कर्णधार मणिपूरच्या सूरजलता देवी. अंतिम सामन्यात यजमान इंग्लंडशी जादा वेळेपर्यंत झुंज झाली आणि ममता खरब हिच्या सुवर्णगोलाने भारत ३-२ असा जिंकला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे जादा वेळेत पहिला गोल होताच सामना संपत असे. अशा वेळी दोन्ही गोलरक्षकांना माहीत असते की पुढची एक चूक म्हणजे पदक गेले.

१९८२ च्या एलिझा नेल्सन यांच्या संघानंतर महिला हॉकीला एवढे मोठे यश मिळाले होते. वर्तमानपत्रांत त्याला जागा मात्र बेताचीच मिळाली. जयदीप साहनी या पटकथाकाराच्या नजरेला ती छोटी बातमी पडली आणि तिच्यातून ‘चक दे! इंडिया’ची कल्पना सुचली.

पडद्यावरचे आणि दप्तरातले

साहनी संशोधनासाठी कौशिक यांना भेटले. संघ कसा बांधला जातो, शिबिरात मुली कशा राहतात, भांडतात, एकत्र येतात, ही माहिती बरीचशी कौशिक यांच्याकडून आली. अभिनेत्रींना हॉकी शिकवायला माणूस हवा होता, तेव्हा कौशिक यांनीच नेगींचे नाव सुचवले. अंधेरीच्या यशराज फिल्म्सचा हा चित्रपट शिमित अमीन यांनी दिग्दर्शित केला. त्यातल्या काही मुली खरोखरच्या खेळाडू होत्या, काहींनी स्टिक नव्याने हातात धरली होती. कोल्हापूरची सागरिका घाटगे याच चित्रपटातून पुढे आली. या सगळ्यांना नेगींनी काही महिने तालीम दिली. १० ऑगस्ट २००७ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि प्रसिद्धीच्या ओघात तो नेगींचेच चरित्र असल्याचा समज पसरला.

स्वतः नेगींनी हा समज दूर करण्याचा प्रयत्न केला. आपण येण्याआधीच पटकथा तयार होती आणि ती एका संघाची गोष्ट आहे, आपल्या आयुष्याचा माहितीपट नाही, असे त्यांनी सांगितले. तरी लोकांना तीच गोष्ट हवी होती. ती जुळतही होती, पण अर्धीच. पडद्यावरचा कबीर खान आघाडीचा खेळाडू आणि कर्णधार आहे, तो पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक चुकवतो. नेगी गोलरक्षक होते, दिल्लीच्या संघाचे कर्णधार जफर इक्बाल होते. कबीर खान मुख्य प्रशिक्षक होऊन विश्वचषक जिंकतो. नेगी मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली गोलरक्षक तयार करत होते आणि जिंकली ती राष्ट्रकुल स्पर्धा. कबीर खान मुसलमान असल्याने त्याच्यावरचा संशय प्रेक्षकाला लगेच कळतो. नेगी हिंदू. तरी ‘गद्दार’ हा शब्द त्यांनाही लावला गेलाच. पाकिस्तानकडून हरल्यावर संशयाला धर्माचीही गरज पडत नाही, हे वास्तव चित्रपटापेक्षा अधिक बोचरे आहे.

चित्रपटावर तक्रार करण्याचा येथे हेतू नाही. कथेला एक नायक लागतो आणि त्या चित्रपटाने महिला हॉकीकडे देशाचे लक्ष वळवले. पण त्या एका नायकात तीन माणसे विरघळली: नेगी, कौशिक आणि भंगू. कौशिक ८ मे २०२१ रोजी कोविडने गेले. मॉस्कोचे सुवर्ण, बँकॉकचे सुवर्ण, द्रोणाचार्य पुरस्कार अशी ही कारकीर्द. त्यांची ओळख पटवण्यासाठीसुद्धा अनेकदा त्याच चित्रपटाचे नाव सांगावे लागते.

पुन्हा सात गोल

या हिशेबाची दुसरी बाजू कार्व्हालो यांच्या वाट्याला आली. सप्टेंबर २००७ मध्ये, ‘चक दे’ चित्रपटगृहांत असतानाच, चेन्नईत आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. प्रशिक्षक कार्व्हालो यांच्या संघाने दक्षिण कोरियाला ७-२ असे हरवले. या वेळी सात गोल आपले होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च २००८ मध्ये, चिलीच्या सांतियागो शहरात ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत ब्रिटनने भारताला २-० असे हरवले. १९२८ पासून प्रथमच भारत ऑलिंपिकच्या हॉकीत नव्हता. कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. चेन्नईचे सात गोल त्यांच्या बाजूने कुणी मोजले नाहीत. १९८२ साली दोष शेवटच्या खेळाडूचा ठरला, २००८ साली प्रशिक्षकाचा. संघटना दोन्ही वेळा हिशेबाबाहेर राहू पाहत होती. फक्त २००८ साली ते जमले नाही आणि पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, भारतीय हॉकी महासंघच निलंबित झाला.

मुंबईत मात्र याच काळात एक वेगळा हिशेब चालू होता. मर्झबान पटेल, सगळ्यांचे ‘बावा’, मालाड-कांदिवलीच्या चिल्ड्रन्स अकादमी शाळेच्या मुलांना हॉकी शिकवत होते. एड्रियन डिसोझा, व्हिरेन रास्किन्हा, गॅव्हिन फरेरा, युवराज आणि देविंदर वाल्मीकी हे भाऊ, सूरज करकेरा ही त्यांच्या हाताखालून गेलेली नावे. यातले डिसोझा आणि करकेरा भारताचे गोलरक्षक झाले. पटेल यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला २०१९ साली, जवळजवळ सत्तरीत. त्यांच्या कामाचा निकाल एका संध्याकाळी लागत नव्हता, म्हणून त्यांना एका संध्याकाळी कुणी काढूनही टाकले नाही.

नेगींची कारकीर्द या दोन टोकांच्या मधली आहे. राष्ट्रीय संघात ते निकालाच्या धारेवर होते, पण त्यांचे काम पटेलांसारखे होते: एका माणसाला दुसऱ्याने तयार करण्याचे. १९८२ च्या गोलांची भरपाई १९९८ किंवा २००२ च्या पदकांनी झाली, असे म्हणणे सोपे आहे आणि चित्रपटाला ते शोभतेही. पण भरपाई अपराधाची करायची असते आणि अपराध झाल्याचे कुणी सिद्ध केले नाही. नेगींनी केले ते एवढेच, की जी जागा आपल्याला एकट्याने सांभाळावी लागली त्या जागेवर पुढच्या माणसाला एकटे राहू दिले नाही. बँकॉकला स्ट्रोक घ्यायला पुढे झालेल्या बल्लाळ यांच्यामागे त्या जागेची भीती जाणणारा कुणीतरी होता.

ही माहिती जुळवताना सामन्यांचे निकाल मिळतात, चित्रपटाबद्दल तर ढीगभर मिळते. कचेऱ्यांच्या हॉकीबद्दल मात्र फार थोडे मिळते. कोण कुठल्या संघातून कुठे गेला, कुणी कुणाला शिकवले, लीगमध्ये कुठल्या साली कोण गोलात उभे होते, याची टिपणे खेळाडूंच्या घरी पडलेली असतात: स्पर्धेची छापील पत्रके, संघाचे फोटो, रजेचे अर्ज, कात्रणे. चेंबूर, कांदिवली, सांताक्रूझ, मुलुंडच्या ज्या घरांत अशा वस्तू असतील त्या घर बदलताना, रंगकामाच्या वेळी रद्दीत देऊ नयेत, एवढी विनंती. फोटोच्या मागे नावे आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या सात गोलांचा हिशेब करायला कुणी बसेल, तेव्हा त्याला शेवटच्या माणसाखेरीज उरलेले दहा जणही सापडले पाहिजेत.